दुसऱ्या अर्थाचा साक्षीदार

तीर्थस्वरूप आत्याच्या चरणी, तिचे गुडघे, चष्मा आणि शिवणयंत्र या सर्वांच्या प्रकृतीची चौकशी करून, तिच्या भाच्याचा, म्हणजे टाचण्याचा, नमस्कार.

गुडघे कसे आहेत? (जिन्यावरचे की सपाटीवरचे, असं तू विचारशील. दोन्ही.) डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू वापरत नाहीस, त्याची शिवण कच्ची आहे म्हणून तो उसवून पाहिलास, पुन्हा नीट शिवलास आणि कपाटात ठेवून दिलास, ही बातमी तुझ्या शेजारीणबाईंकडून इकडे पोचली आहे. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी सून बरी आहे, फक्त स्वयंपाकघरात शिरताना ती अजून उंबऱ्याशी थांबते, वाकून जमिनीला बोट लावून बघते आणि मगच पाय टाकते. त्याचं कारण पुढे येईल. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू दोन वाक्यं ऐकून 'बरं, ठेव' म्हणतेस, आणि माझं म्हणणं दोन वाक्यांत मावणारं नाही.

पत्रास कारण, तू माझ्या खुर्चीसाठी पाठवलेली बैठक. ती येऊन दीड महिना झाला आणि मी आभाराची ओळ आज लिहितो आहे, याची मला लाज वाटते. पार्सलवाल्याने ती जिन्यावरून वर आणली तेव्हा तो धापा टाकत होता. एवढं जड आणि हलवलं तरी आत काही वाजत नाही, आहे तरी काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आत माझी आत्या आहे. त्याने सही घेतली आणि जिना दोन-दोन पायऱ्या घेत उतरला. मी उघडून पाहिली आणि खरं सांगतो, थोडा वेळ दारातच बसलो. तोच गर्द हिरवा रंग, कडेने तोच बारीक गोट, आणि कोपऱ्यावरची तुझी ती घडी, जी बसच्या कारखान्यात तुझ्याशिवाय कुणाला जमली नाही. (तू निवृत्त झालीस त्या दिवशी मुकादमाने ती घडी शिकवून जा म्हणून गळ घातली होती, आणि तू 'एकतीस वर्षं समोरच घालत होते, बघायचं होतं' असं म्हणून चहा पिऊन निघून आलीस.) ऑफिसातल्या माझ्या जुन्या खुर्चीतून एक खिळा वर यायचा. दर सोमवारी मी तो पेपरवेटने ठोकायचो आणि शुक्रवारपर्यंत तो पुन्हा डोकं वर काढायचा. अकरा वर्षं हा उद्योग चालला आणि त्यात तीन पँटी गेल्या. आता त्या खुर्चीवर तुझी बैठक आहे. शनिवारी मी ती घरी घेऊन आलो आणि हे पत्रही तिच्यावरच बसून लिहितो आहे, हे तुला बरं वाटावं म्हणून मुद्दाम कळवतो.

आता उशिराचं कारण. दोष तुझ्या बैठकीचाच आहे. पहिल्याच दिवशी आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत साप्ताहिक सभा होती. आमच्या मुख्य संपादकांना आम्ही (त्यांच्यामागे) पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की पुढे कुणाला काही बोलायचं उरत नाही. पूर्णविराम 'व' अक्षर किती मागे पडलं आहे हे सांगून थांबले, सगळे माना खाली घालून गप्प झाले, आणि नेमका त्या शांततेत मी खाली बसलो. तू स्पंज भरपूर घातला आहेस आणि शिवण इतकी पक्की आहे की हवेला बाहेर पडायला एकच वाट आहे. बैठकीने एक लांबलचक सुस्कारा सोडला. अशा वेळी माणसाने काय करायचं असतं हे कुठल्याही कोशात नाही. मी पुन्हा उठून पुन्हा बसून दाखवलं, म्हणजे आवाज खुर्चीचाच आहे हे सिद्ध व्हावं. दुसऱ्यांदा तो जास्त लांब आला. पूर्णविराम चष्मा वर करून माझ्या खुर्चीपाशी आले, बोटाने बैठक दाबून पाहिली आणि हे काय आहे, असं विचारलं. मी म्हटलं, विनाइल, सर. ते म्हणाले, हा शब्द अजून कुणाला दिलेला नाही, तुम्ही घ्या, पाच आठवडे आहेत. झालं, आ बैल मुझे मार.

तुला वाटेल, शब्द तो काय आणि पाच आठवडे कसले. पण आमच्याकडची पद्धत तुला ठाऊक नाही. फार पूर्वी आमच्या एका कोशकाराने नावेच्या कुठल्याशा भागाचा अर्थ घरी बसून मनाने लिहिला, आणि पुस्तक छापून आल्यावर नावाड्यांनी तो एकमेकांना वाचून दाखवत दोन उन्हाळे काढले. तेव्हापासून नियम झाला: साक्षीदाराशिवाय अर्थ नाही. ज्याचा तो धंदा, त्याच्याच तोंडून किंवा हातून तो शब्द कामाच्या ओघात, आपणहून आला पाहिजे. आपण शब्द सुचवायचा नाही, वदवून घ्यायचा नाही. तो आला की वाक्य चिठ्ठीवर लिहायचं, त्याची सही घ्यायची, आणि मूळ चिठ्ठी कचेरीच्या कपाटात कायमची जमा करायची. मुदतीत साक्षीदार मिळाला नाही तर अर्थावर लाल पेन्सिल. आता विनाइलचे मुख्य अर्थ चार: पहिला रसायनातला, दुसरा बैठकांवर ताणतात त्या कापडाचा, तिसरा जमिनीवर चिकटवतात त्या थराचा आणि चौथा गाण्याच्या तबकडीचा. दुसरा अर्थ मी दोनदा सुवाच्य लिहून काढला हे कबूल करतो. आई-बाबा गेल्यानंतर माझी शाळा, माझे चष्मे, माझे बूट त्या दुसऱ्या अर्थातून आले. मी मनाशी म्हटलं, बाकीचे तीन अर्थ गेले तर जाऊ देत, पण हा छापून आलाच पाहिजे, आणि आत्याने तो चष्मा पुसून स्वतः वाचला पाहिजे.

शब्दाचं मूळ शोधताना मात्र मला घाम फुटला, आणि ते तुला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. सांगून टाकतो, तू आधी बसून घे. साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका रसायनशास्त्रज्ञाने हे नाव पाडलं. त्याला अणूंचा एक लहानसा पुंजका सापडला होता, आणि त्या पुंजक्याचं मद्यार्काशी नातं होतं, म्हणून त्याने लॅटिनमधला द्राक्षाच्या दारूचा शब्द उचलला आणि त्याला एक ग्रीक शेपूट जोडलं. त्या शेपटाचा मूळ अर्थ लाकूड, आणि मग लाकडावरून कुठलीही वस्तू बनवायचा माल. म्हणजे बाप दारू आणि आई लाकूड. ज्या बाईने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून ती दुकानदाराच्या अंगावर परत केली, शेजारच्यांच्या लग्नातलं सरबत आधी हुंगून मग मला दिलं, त्या बाईने एकतीस वर्षं दारूच्या लेकीला टाके घातले आणि तिच्या जिवावर मला वाढवलं. (प्रत्यक्ष त्या कापडात दारूचा थेंब नाही, नाव तेवढं तिकडचं आहे. तू मशीन धुवायला घेऊ नकोस.)

पहिल्या अर्थासाठी कॉलेजातल्या रसायनाच्या प्राध्यापकांकडे गेलो. माणूस फार सज्जन. त्यांनी तासभर फळ्यावर तो पुंजका काढून दाखवला, पण दर वेळी नाव घेताना नव्या पद्धतीचं नाव घ्यायचे, एथिनिल. जुनं नाव आता आम्ही शिकवत नाही म्हणाले. मी आपला हातात चिठ्ठी धरून वाट पाहतोय, की कधी तरी जीभ घसरेल. तास संपला, मी हताश होऊन दारापर्यंत आलो, तेवढ्यात त्यांनी आतल्या मदतनीसबाईंना दटावलं, की विनाइल अ‍ॅसिटेटच्या बाटलीचं झाकण कुणी उघडं टाकलं. मी तसाच मागे फिरलो आणि त्या वाक्यावर सही मागितली. त्यांना वाटलं मी तक्रार करणार आहे. त्यांनी झाकण स्वतः लावलं, बाईंची माफी मागितली आणि मग सही केली. पण त्यांची फळ्यावरची एक गोष्ट माझ्या मनात राहिली. ते म्हणाले, हा पुंजका म्हणजे दोन कार्बन, तीन हायड्रोजन, आणि कुणाला तरी धरायला पुढे केलेला एक मोकळा हात. त्या हातामुळेच सगळं पुढचं होतं, एकट्याने त्याला राहवतच नाही. मला तू आठवलीस, हे मी प्राध्यापकांना सांगितलं नाही, कारण ते खडू पुसत होते.

चौथा अर्थ मी आधी उरकायला गेलो. जुन्या तबकड्यांच्या दुकानाचा म्हातारा मालक त्यांना रेकॉर्डच म्हणतो. तरुण गिऱ्हाइकं येतात आणि विनाइल, विनाइल करतात, पण गिऱ्हाइकाची साक्ष चालत नाही. मी तीन दुपारी त्याच्या दुकानात उभा होतो. तिसऱ्या दुपारी त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की काहीतरी घेणं भाग पडलं. हाताला आली ती तबकडी घेतली. ती बांधताना तो म्हणाला, 'वाकू देऊ नका हं, विनाइल उन्हात वाकतं.' त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. घरी येऊन पाहिलं तर तबकडीचं नाव 'घरच्या घरी टंकलेखन, भाग तिसरा'. आमच्याकडे ती वाजवायचं यंत्र नाही, टंकलेखनाचंही नाही, आणि पहिले दोन भागही नाहीत. तुझ्या सुनेने ती भिंतीवर टांगली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नवऱ्याची संगीताची आवड म्हणून दाखवते.

तिसऱ्या अर्थाने घरात रामायण घडलं. जमिनीवर विनाइल चिकटवणारा कारागीर आमच्याच गल्लीत राहतो, पण तो दिवसाला चार शब्द बोलतो आणि त्यातले दोन 'पाय काढा' असतात. दुकानात बसून त्याच्या तोंडून काही निघेना, म्हणून शेवटी मी त्याला आमच्या स्वयंपाकघराचं काम दिलं. (तुझी सून चार वर्षं मागत होती, म्हणून हे मी तिच्यावरचं प्रेम म्हणून सादर केलं.) तो आला, त्याने गोंद पसरला, वर विनाइल अंथरलं, लाटण्यासारख्या जड रुळाने दाबलं आणि मागे-मागे सरकत दारातून बाहेर आला. मी त्याच्यामागे चिठ्ठी घेऊन उभा. तेवढ्यात मागच्या गॅलरीतून तुझ्या सुनेचा आवाज आला. ती कपडे वाळत घालायला गेली होती, आणि गॅलरीतून घरात यायची वाट एकच, स्वयंपाकघरातली. तिने एक पाय पुढे टाकला मात्र, तो कारागीर हात आडवा करून म्हणाला, 'बाई, थांबा. विनाइलला घाई चालत नाही.' काय वाक्य आहे बघ. मी ते तिथल्या तिथे लिहून त्याच्यापुढे सहीला धरलं. बायको पलीकडे अडकली आहे आणि नवरा आनंदाने चिठ्ठी लिहितो आहे, हे तिने पलीकडून पाहिलं, आणि आत्या, हे ती विसरलेली नाही. गोंद सुकेपर्यंत पाच तास ती गॅलरीत होती. शेजाऱ्यांच्या गॅलरीतून मी तिला चहा, पाव, दोन उकडलेली अंडी आणि एक उशी पोचती केली. अंडी तिने ठेवून घेतली आणि उशी माझ्या अंगावर परत आली. जमीन मात्र झकास झाली आहे, नुसत्या फडक्याने लख्ख होते.

राहिला दुसरा अर्थ. हा सगळ्यांत सोपा असं समजून मी तो शेवटी ठेवला होता, आणि तिथेच माझं गाडं अडलं. शहरातल्या एकूण एक सीटवाल्याच्या, सोफेवाल्याच्या दुकानात मी जाऊन बसलो. हे सगळे लोक दिवसभर विनाइल कापतात, ओढतात, ठोकतात, पण त्याला म्हणतात नुसतं 'कापड'. कुणी रेक्झिन म्हणालं. एकाने गिऱ्हाइकासमोर त्याला बेधडक अस्सल चामडं म्हटलं आणि मग माझ्याकडे वळून डोळा मारला. तेव्हा मला आठवलं, तूही कापडच म्हणायचीस. 'कापड आण', 'कापड तापलंय', 'कापडावर जेवू नकोस'. एकतीस वर्षांत तुझ्या तोंडून मी दुसरा शब्द ऐकलेला नाही. तरीही मी आशा सोडली नाही. त्या रविवारी मी तुला फोन केला होता, तो आता तुझ्या लक्षात येईल. बसच्या सीटला काय लावायचीस, असं मी विचारलं. तू म्हणालीस, कापड. मी विचारलं, कसलं? तू म्हणालीस, जाड. मी म्हटलं, जाड म्हणजे नक्की कसलं? तू म्हणालीस, हिरवं. मी म्हटलं, आत्या, त्याला दुकानात काय नावाने मागायचीस? तू उलट मलाच विचारलंस, 'टाचण्या, तुला ताप आहे का?' मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, 'मग सुनेला फोन दे.' तिने फोन घेतला आणि तुम्ही दोघी माझ्या तब्येतीवर वीस मिनिटं बोललात. एरवी मला दोन वाक्यं मिळतात.

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी पूर्णविरामांनी माझ्या टेबलावर पान ठेवलं. अर्थ एक, तीन आणि चार, प्रत्येकाला चिठ्ठी. अर्थ दोन, साक्षीदार नाही. मी त्यांना सांगितलं, सर, मी या कापडावर लहानाचा मोठा झालो आहे, मीच साक्षीदार. ते म्हणाले, तुम्ही कोशातले, तुमची साक्ष चालत नाही. माझी आत्या, मी म्हटलं. तिने तो शब्द आपणहून वापरलेला दाखवा, ते म्हणाले. उद्या दुपारी पान छपाईला जाईल. रागाने बोलले नाहीत ते, उलट जरा हळूच बोलले, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. तुझ्या सुनेने कारण विचारलं, मी सांगितलं, आणि गॅलरीच्या प्रकरणापासून पहिल्यांदाच तिने मला उशी दिली, फेकली नाही.

शनिवारी साडेअकरा वाजता साक्षीदार मिळाला. लेखी, सहीसकट, तारखेसकट. अर्थ दोन छापला जाणार आहे, आत्या. तो छापला जाणार आहे हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू मला जरा सांभाळून घेशील. आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, बैठकीचे मानू की त्याच्या आधीचे, आणि आधीचे मानायला लागलो तर सुरुवात कुठून करू. तू माझ्यासाठी लग्न केलं नाहीस असं लोक म्हणायचे. तू म्हणायचीस, मला सवड नव्हती. मी एवढंच म्हणतो की मला आयुष्यभर बसायला जागा तू दिलीस, आणि मी ते तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो आहे.

गुडघ्यांना पट्टा लाव. शेजारीणबाईंना नमस्कार सांग आणि त्यांनीच बातमी फोडली हे त्यांना कळू देऊ नकोस.

तुझाच,
टाचण्या

ता. क. वर लिहिलं आहे की मी हे पत्र तुझ्या बैठकीवर बसून लिहितो आहे. ते खोटं आहे. मी ते उभ्याने लिहितो आहे, कपाटावर कागद ठेवून. बैठक समोर आहे, पण तिच्यावर बसता येण्यासारखं काही उरलेलं नाही.

दुसरा ता. क. झालं असं. शनिवारी पूर्णविराम लाल पेन्सिल घेऊन माझ्या टेबलाशी आले, मी मान द्यायला उठून पुन्हा बसलो आणि बैठकीने सुस्कारा सोडला. त्या आवाजासरशी मला कारखाना आठवला. प्रत्येक सीट बंद करण्याआधी तू फळीवर पेन्सिलीने काहीतरी लिहायचीस, मग त्यावर स्पंज, त्यावर कापड, आणि खालून खिळे. काय लिहितेस ते तू मला कधी वाचू दिलं नाहीस. 'सीट वीस वर्षांनी जो उघडेल त्याच्याशी ते माझं बोलणं आहे, तुझं काय काम?' असं म्हणायचीस. आत्या, मी खुर्ची उलटी केली. सगळ्या कचेरीसमोर, कागद कापायच्या सुरीने, तुझे खिळे एकेक करून उपटले. एक तास लागला. (दोन खिळ्यांनी माझा अंगठा फोडला, ते तुला बरं वाटेल.) स्पंज बाजूला केला, आणि फळीवर तुझं अक्षर होतं. पूर्णविरामांनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला ते पाठ झालं आहे: 'पुढच्या कारागिरास. वरचं विनाइल आहे, पाठ सुती. थंड असताना ओढू नये, ऊन दाखवून मग बसवावं, नाहीतर कोपऱ्यात फाटतं. बसणारा माझा भाचा. दिवसभर बसतो, उठायची आठवण राहत नाही. पुढची कड मऊ ठेवावी. खिळे खोल ठोकावेत, त्याला उघडून बघायची खोड आहे.' खाली तुझी सही, तारीख. तोंडाने जन्मभर कापड म्हणालीस, पण ज्याला कधी भेटणार नाहीस त्या माणसाला मात्र नाव पुरतं सांगून ठेवलंस. पूर्णविरामांनी लाल पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, 'साक्षीदार पक्का आहे.' मी खुर्चीच्या आड खाली बसून खिळे वेचत राहिलो, कारण मला वर बघायचं नव्हतं.

तिसरा ता. क. आता खरं काम. मूळ चिठ्ठी कचेरीच्या कपाटात जमा करायचा नियम तुला वर सांगितलाच आहे. तुझी चिठ्ठी म्हणजे फळी. ती कुठल्याच खणात मावेना, म्हणून 'व'च्या कपाटामागे उभी केली आहे, नंबर घालून, आणि आता ती मला जन्मात परत मिळणार नाही. उरलेलं विनाइल आणि स्पंज मी घरी आणलं, पण ती घडी इथे कुणाला घालता येत नाही. मी सोफेवाल्याला दाखवलं. त्याने कोपरा पाहिला, टोपी काढली आणि हे मी नाही करणार म्हणाला. तेव्हा तू ये. रिकाम्या हाताने पाहुणी होऊन बसणार नाही, म्हणून तू दोन वर्षं येणं टाळते आहेस, ते मला ठाऊक आहे. पाहुणी म्हणून कोण बोलावतंय? वाकडी सुई, हातोडी आणि कात्री घेऊन ये. कचेरीत माझी सोडून आणखी पाच खुर्च्या आहेत. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर पूर्णविराम माझ्यापाशी आले, त्यांच्या खुर्चीवर बारा वर्षं घडी घातलेला टॉवेल आहे हे सांगितलं, आणि पुढची कड मऊ म्हणजे साधारण किती मऊ, असं विचारलं. तू येशील त्या गाडीला मी उतरवून घ्यायला येतो. तुझी सून म्हणते, आत्यांना यंत्रही आणायला सांगा, गॅलरीत बसायला तिला एक बैठक हवी आहे, पुढच्या वेळेसाठी.

चौथा ता. क. नव्या फळीवर काय लिहायचं ते तूच लिही. या वेळी मी वाचणार नाही, शब्द देतो. तरी खिळे खोल ठोक.